जुना गेमिंग पीसी: सुटे भाग बदलायचे की नवा बांधायचा?

प्रश्न थोडक्यात असा. २०१८ च्या अखेरीस असेंबल केलेला पीसी आहे: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ ची एकच पट्टी, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १ टीबी हार्ड डिस्क आणि २४ इंची १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. नवे गेम अडखळतात, एखादा तर सुरूच होत नाही. दुकानदार म्हणतो सगळं काढून टाका, नवा घ्या. मित्र म्हणतो नुसतं ग्राफिक कार्ड बदल, पळेल. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही नको. या मशीनचा बोर्ड ठेवावा असाच आहे, पण नुसत्या कार्डाने काम भागणार नाही. पैसे कुठे घालायचे हे वयावरून ठरत नाही. ते तीन गोष्टींवरून ठरतं: सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) कोणतं, एसएमपीएस कसा आहे, आणि खर्च होणारा प्रत्येक रुपया पुढच्या मशीनमध्ये सोबत जाणार की याच मशीनमध्ये मुरणार.

खरेदीच्या आधी मोजणी

कित्येक जण कार्ड बदलतात आणि अडखळणं तसंच राहतं, कारण दुखणं कार्डाचं नसतंच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एक संध्याकाळ मोजणीला द्या.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर हे मोजणीचे प्रोग्राम टाका. पडद्यावर पाच गोष्टी दिसू द्या: जीपीयूचा (ग्राफिक कार्डाच्या चिपचा) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वेगळा वापर, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी), रॅम आणि फ्रेमटाइमचा (एक फ्रेम काढायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, नाहीतर मोजणी खोटी येते. एकाच जागी, एकाच सेटिंगवर पाच-पाच मिनिटं तीन वेळा खेळा.

जीपीयूचा वापर सलग ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाची. तो ६०-७० वर रेंगाळतोय आणि फ्रेमही कमी आहेत, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची किंवा मेमरीची वाट पाहतंय. टास्क मॅनेजरमधला ‘सीपीयू ४० टक्के’ हा आकडा इथे फसवतो. २६०० ला १२ थ्रेड आहेत. त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो जेमतेम ८ टक्के दिसतो, आणि गेमचं मुख्य काम बहुधा एक-दोन थ्रेडवरच अडलेलं असतं. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

गेम मधेच एक-दोन सेकंद गोठतो आणि पुन्हा चालू लागतो, हे तिसरंच दुखणं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’चा (प्रोग्रामांनी मागितलेल्या एकूण मेमरीचा) आकडा बघा. ८ जीबीच्या मशीनवर तो १२-१३ दिसत असेल तर न मावणारं बरंच काही हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये (रॅमची उणीव भरून काढणाऱ्या फाइलमध्ये) ढकललं जातंय, आणि फिरणाऱ्या डिस्कवरून ते परत येईपर्यंत गेम थांबतो. याला कार्ड कितीही महागडं घेतलं तरी औषध नाही.

त्याच पानावर ‘स्पीड’ही दिसतो. पट्टीवर ३२०० छापलंय आणि तिथे २१३३ किंवा २४०० दिसतंय, म्हणजे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी ही पट्टीचा छापील वेग लावणारी सोय कधी चालूच केलेली नाही. असेंबल करून देणारे हे सर्रास विसरतात. रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतली जोडवाहिनी मेमरीच्या वेगाशी बांधलेली असते, त्यामुळे हा तोटा जास्तच जाणवतो. २६०० चा मेमरी कंट्रोलर अधिकृतपणे २९३३ पर्यंतचा आहे. ३२०० वर मशीन पुनःपुन्हा रीस्टार्ट होत असेल तर हाताने २९३३ लावा आणि पुढे चला.

धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट हेही इथेच तपासून घ्या. एचडब्ल्यूइन्फो६४ या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये अर्ध्या तासाच्या खेळानंतर प्रोसेसर ९५ अंशांना टेकत असेल तर तो स्वतःचा वेग कमी करतोय. जळगाव-नागपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे हिवाळ्यात घेतलेल्या मोजणीवर विसंबू नका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा वाऱ्याने भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

रुपयाची दोन खाती

एक खातं पुढे जाणाऱ्या भागांचं: ग्राफिक कार्ड, एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डात बसणारी वेगवान साठवण), चांगला एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, आणि बऱ्याचदा कूलरही, कारण या बोर्डाच्या एएम४ सॉकेटचे पुष्कळ कूलर नव्या एएम५ सॉकेटवर बसतात. दुसरं खातं इथेच मुरणाऱ्या भागांचं: एएम४ चा प्रोसेसर आणि डीडीआर४ मेमरी.

पहिल्या खात्यातल्या खर्चाचा फार घोर करायचं कारण नाही. आज घेतलेलं कार्ड उद्या नव्या बोर्डवर जाईल. विचार दुसऱ्या खात्याचा करायचा. नवा प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ मेमरी या त्रिकुटाचा भाव त्याच दिवशी, त्याच दुकानात विचारा. मुरणारा खर्च त्याच्या एक तृतीयांशाच्या आत बसला तर डोळे मिटून अपग्रेड. निम्म्याच्या वर गेला तर नवा बांधा. मधल्या पट्ट्यात असाल तर तुमच्या मोजणीत प्रोसेसर किती अडला होता त्यावर ठरवा. वर्षभरापूर्वीचे भाव डोक्यात ठेवून हा हिशेब करू नका. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरच्या मागणीने मेमरीचे भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाचा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदा आवरत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात हातात असलेली डीडीआर४ ही ठेव आहे, आणि जुना बोर्ड ठेवण्याच्या बाजूचं ते एक मोठं कारण आहे.

या मशीनचा प्रोसेसर

एएम४ सॉकेटवर २०१७ पासून रायझनच्या पिढ्या येत राहिल्या आणि २०२० च्या अखेरीस आलेली ५००० ची मालिका योग्य बायोस टाकल्यावर बी४५० वर चालते. म्हणून २६०० काढून तिथेच रायझन ५ ५६०० बसतो. दोन्ही सहा कोरचे, पण कोरमध्ये बराच फरक आहे. एएमडीचे स्वतःचे दावे धरले तर झेन+ (२६०० ची रचना) वरून झेन २ ला त्याच वेगात सुमारे १५ टक्के आणि तिथून झेन ३ (५६०० ची रचना) ला १९ टक्के जास्त काम. त्यात कमाल वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ. तिन्हींचा गुणाकार केला तर एकेका कोरमागे दीडपट. शिवाय २६०० मधला १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) दोन तुकड्यांत विभागलेला आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी सहाही कोरांना सामाईक. गेममध्ये जाणवतो तो मुख्यतः हा कॅश.

म्हणूनच थोडे पैसे वाचवायला ५५०० किंवा ५६००जी घेऊ नका. दोघांत एल३ कॅश १६ एमबीच आहे. ५७००एक्सचे आठ कोर खेळता खेळता रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंग करणाऱ्यांना उपयोगी. नुसतं खेळायचं असेल तर ५६०० पुरे. ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी गेमसाठी या सॉकेटवरचे सर्वोत्तम, पण नवे मिळणं अवघड, आणि मिळालेच तर मागितलेल्या भावात एएम५ चा विचार सुरू करावा लागतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बदलण्याची रीत क्रमानेच करा, कारण चुका याच टप्प्यावर होतात.

आधी बायोस. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघडा, बोर्डाचं पूर्ण नाव आणि बायोसची आवृत्ती लिहून घ्या. बोर्डाच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबरही छापलेला असतो. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात. कंपनीच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी असते, तिथे ५६०० पुढे ‘अमुक आवृत्तीपासून’ असं लिहिलेलं सापडेल. फार जुन्या बायोसवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही अशीही सूचना काही बोर्डांवर असते, मधली एक पायरी घ्यावी लागते. ती सूचना डाउनलोडच्या ओळीखालीच असते आणि कोणी वाचत नाही. फाइल एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच फ्लॅशच्या सोयीने चढवा, विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने नको. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून ते तेवढं यूपीएसवर. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस खेळताना तग धरणार नाही, पण बायोसमध्ये बसलेल्या मशीनचा भार कमी असतो, तेवढा तो सहज ओढतो.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन, चालू आहे का ते त्याआधी बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. नवा प्रोसेसर बसवल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करण्याचा प्रश्न पडद्यावर येतो. ‘वाय’ दाबलं आणि की हाताशी नसली, तर डिस्कवरचं सगळं कुलूपबंद.

फ्लॅश झाल्यावर जुन्याच प्रोसेसरवर एकदा मशीन सुरू करून बायोसची आवृत्ती बदललेली दिसते का ते पाहा. मगच खोलायला घ्या. फ्लॅशने एक्सएमपी, पंख्यांचे वेग, बूटचा प्रकार सगळं मूळपदावर जातं, ते पुन्हा लावावं लागेल.

आता कूलर. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरते. थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला की लीव्हर लावलेला असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटलेला बाहेर येतो, पिना वाकतात. उपाय सोपा आहे: दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलके पिळा, सुटल्याचं जाणवलं की उचला. एखादी पिन वाकलीच तर ०.७ एमएमच्या क्लच पेन्सिलची रिकामी नळी त्या पिनवर चढवून हळूच सरळ करता येते. तुटली तर विषय संपला.

कूलरचे स्क्रू सोडवताना बोर्डामागची लोखंडी पट्टी एका हाताने धरा. ती त्याच स्क्रूंवर टांगलेली असते, सुटली की कॅबिनेटमध्ये मागे पडते आणि मग बोर्डच बाहेर काढायची वेळ येते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे, दाबायचा नाही. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. पंख्याची वायर सीपीयू-फॅन लिहिलेल्या जागीच लावा, नाहीतर मशीन सुरू होतानाच तक्रार करतं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळा राहील, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. मेमरीची जुळणी चाललेली असते. पाच मिनिटं हात लावू नका. बरेच जण इथे घाबरून स्विच दाबतात आणि बोर्ड गेला म्हणून दुकानात नेतात.

ग्राफिक कार्ड: लेनचा हिशेब

बी४५० चा ग्राफिक स्लॉट पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ३.० पिढीचा आहे आणि ५६०० टाकल्यानेही तो ४.० होत नाही. आता बाजारातली बरीच मध्यम कार्डं फक्त ८ लेनची (लेन म्हणजे कार्ड आणि बोर्डामधली डेटाची वाट) असतात: आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय, सगळी त्यातली. ३.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, १६ लेन म्हणजे १६ जीबी. सगळा मजकूर कार्डाच्या मेमरीत मावतो तोवर हा फरक थोड्या टक्क्यांचाच असतो. पण ८ जीबी व्हीरॅम भरून सांडायला लागली की कार्ड या अरुंद नळीतून मुख्य रॅमकडे धावतं आणि फ्रेमटाइमचा आलेख करवतीसारखा होतो. ८ जीबी, ८ लेन आणि ३.० बोर्ड हे तिन्ही एकत्र आलं की जोडी वाईट जमते. ४ लेनचं आरएक्स ६५०० एक्सटी तर या बोर्डसाठी फुकट मिळालं तरी नको.

त्यामुळे नवं घ्यायचं तर आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं मॉडेल या बोर्डला उत्तम बसतं. ते पूर्ण १६ लेनचं आहे आणि कार्डाची अधिकृत भूक १६० वॅटची. त्याचंच ८ जीबीचं भावंड टाळा. एनव्हिडियाचं फ्रेम वाढवणारं डीएलएसएस हवं असेल, किंवा ब्लेंडरसारखं थ्रीडी काम करत असाल, तर ५०६० टीआय १६ जीबी घ्या. लेन आठच आहेत, पण मेमरी सांडत नाही म्हणून त्याची झळ फारशी बसत नाही. १६० ते १८० वॅटच्या या कार्डांना एसएमपीएस कसा हवा ते पुढे येतंच. तुमचा मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचाच राहणार असेल तर इतकं मोठं कार्ड म्हणजे गल्लीत ट्रक. वापरलेलं आरटीएक्स ३०६० १२ जीबी १६ लेनचं आहे आणि पुरून उरेल.

इंटेल आर्क बी५८० वर १२ जीबी मेमरी बघून मोह होतो. त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतंच, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. २६०० सोबत ते लावू नका. एएमडीच्या बाजूला रीसायझेबल बारचा अधिकृत आधार रायझन ३००० पासून पुढे आहे. ५६०० बसवल्यावर मात्र बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि ‘रीसायझेबल बार’ दोन्ही चालू करा, कोणत्याही कार्डावर.

१०६० अजून काही दिवस ढकलावं का? दोन कारणांनी नाही. डूम: द डार्क एजेससारख्या गेमला रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजणारं) हार्डवेअर सक्तीचं आहे, ते या कार्डात नाहीच. म्हणून सेटिंग कितीही खाली आणली तरी असा गेम सुरूच होत नाही. दुसरं, एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल (१०६० याच पिढीचं) पिढ्यांचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता फक्त दर तिमाहीला सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

घेण्याआधी कॅबिनेटच्या आत, मागच्या स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेपने मोजा. दोन पंख्यांचं कार्ड बहुधा २०-२५ सेंटिमीटर, तीन पंख्यांचं ३० च्या आसपास. जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा मधे येतो. काहींत तो चार स्क्रूंनी निघतो, काहींत रिव्हेट मारलेला असतो. कंपनी बदलत असाल तर जुना ड्रायव्हर डीडीयू या साफसफाईच्या प्रोग्रामने सेफ मोडमध्ये काढून मगच नवं कार्ड लावा. आणि अमेरिकेतला भाऊ सुट्टीत येताना कार्ड आणणार असेल तर वॉरंटी इथे चालेल का ते त्या मॉडेलसाठी आधी विचारा. पुष्कळ कंपन्यांची वॉरंटी देशापुरतीच असते.

एसएमपीएस

४५० वॅट हे स्टिकरवरचं मोठं अक्षर वाचू नका, खालचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर आहेत? ३५ असतील तर १२ × ३५ = ४२० वॅट, म्हणजे खरा ४५० चा एसएमपीएस. १८ असतील तर २१६ वॅट, आणि गेमिंगचा सगळा भार १२ व्होल्टवरच असतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर तो तक्ता वाचायचीही गरज नाही, बदला.

भाराचा अंदाज: कार्ड १६०-१८०, ५६०० पूर्ण भारावर ७६, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ५०. सुमारे ३०० वॅट. चांगल्या ४५० मध्ये हे मावतं, पण नवी कार्डं काही मिलिसेकंदांसाठी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतात. सात वर्षं आपल्याकडच्या व्होल्टेजचे चढउतार आणि उन्हाळे सोसलेले कपॅसिटर तिथे दगा देतात. लक्षण ठरलेलं आहे: गेममध्ये भार वाढला की निळा पडदा वगैरे काही न येता मशीन एकदम बंद पडून रीस्टार्ट होतं. ६५० वॅटचा, पाच-सात वर्षांच्या वॉरंटीचा घ्या, पुढच्या मशीनलाही चालेल. ८० प्लसचं लेबल कार्यक्षमता सांगतं. आतल्या संरक्षण सर्किटांबद्दल ते काही बोलत नाही, त्यामुळे नुसत्या सोनेरी लेबलला भुलू नका.

मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना आधीच ओवून ठेवलेल्या जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो. हे कधीही करू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही बदलते. प्लग चपखल बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन एसएसडी, हार्ड डिस्क एका क्षणात जळतात. केबलही सगळ्या नव्याच.

रॅम, एसएसडी, विंडोज

एक पट्टी म्हणजे एकच चॅनेल, अर्धा रस्ता बंद. आणखी एक ८ जीबीची पट्टी टाकून १६ करा, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. वेगळ्या कंपनीची पट्टी ३२०० वर नांदेलच असं नाही. एकाच किटच्या जुन्या २ × ८ मिळाल्या तर जास्त बरं. वापरलेली रॅम घेण्यात धोका कमी असतो, मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, एकही चूक दिसली तर परत करा. सध्याच्या भावात ३२ जीबीचा हट्ट नको.

एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई, आणि बोर्ड ३.० चा असल्याने सेकंदाला ३,५०० एमबीच्या पुढचा वेग इथे दिसणार नाही, महागडं मॉडेल घ्यायचं कारण नाही. एम.२ स्लॉटमधल्या एसएसडीला धरणारा बारीक स्क्रू बोर्डाच्या खोक्यात होता आणि खोकं कधीच रद्दीत गेलेलं असतं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एसएसडी घेतानाच तो मागून घ्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २६०० आणि ५६०० दोन्ही विंडोज ११ च्या यादीत आहेत, फक्त बायोसमध्ये एफटीपीएम चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची असेल तर सीएसएम बंद करताच ती बूटच होणार नाही. नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाकलंत तर ही भानगडच उरत नाही. बायोसमधलं सिक्युअर बूटही (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू ठेवा: विंडोज ११ वर व्हॅलोरंट आणि आता बॅटलफील्ड ६ त्याशिवाय आत घेत नाहीत.

पैसे टप्प्याने येणार असतील तर क्रम असा ठेवा: आधी एसएसडी आणि दुसरी पट्टी, मग एसएमपीएस आणि कार्ड एकत्र, शेवटी प्रोसेसर. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर शेवटचा टप्पा पुढे ढकलला तरी चालेल, कारण प्रोसेसरमुळे ७५ वर अडलेले फ्रेम त्या पडद्यावर दिसत नाहीतच. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलात की मात्र २६०० लगेच उघडा पडतो.

हेच उत्तर कुठे लागू नाही

इंटेलची चौथी पिढी, डीडीआर३: काही ठेवू नका, फार तर कॅबिनेट. सहावी-सातवी पिढी: विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेर, आणि सॉकेट दिसायला तेच असलं तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डवर चालत नाही. आठवी-नववी पिढी, म्हणजे आय५-८४०० वगैरे: विंडोज चालेल, पण त्याच बोर्डवर वर जायचं तर जुना आय७-९७०० शोधावा लागतो आणि त्याचे भाव त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सांगतात. तिथे पुढे जाणाऱ्या खात्यातले भाग, कार्ड-एसएसडी-एसएमपीएस, घ्या आणि प्रोसेसरला हात लावू नका.

अशा इंटेलवाल्याकडे १६ जीबी डीडीआर४ आधीच असेल तर एक मधला रस्ता आहे. डीडीआर४ चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड आणि आय५-१२४००एफ. सॉकेट पुढे जाणारं नाही, पण महाग डीडीआर५ चा खर्च टळतो. बोर्ड घेताना नावात डी४ आहे का ते नक्की बघा, डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या असतात. याच सॉकेटवर तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे आय७-आय९ जुन्या बाजारात स्वस्तात दिसले तर सांभाळून. त्यांच्यात जास्त व्होल्टेजने झीज होण्याचा दोष इंटेलने मान्य केला आणि २०२४ मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला, पण तो झालेली झीज भरून काढत नाही.

ब्रँडेड ऑफिस पीसीवर गेमिंग उभं केलेलं असेल तर एसएमपीएसचा प्लग आणि बोर्डाचा आकार नेहमीचा आहे का ते आधी बघा. बहुतेकदा नसतो, आणि मग एक भाग बदलायला चार बदलावे लागतात.

नवाच बांधायचा ठरला तर एएम५: रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स, बी६५० किंवा बी८५० बोर्ड, डीडीआर५-६००० च्या दोनच पट्ट्या. चार लावल्या तर वेग बराच खाली आणावा लागतो. इथे पिना बोर्डावर असतात, म्हणून सॉकेटवरचं काळं प्लास्टिक झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते नसेल तर वाकलेल्या पिनांचा दोष तुमच्या माथी येतो. पहिली मेमरी जुळणी एएम४ पेक्षाही लांबते. जुन्या मशीनचं विंडोज रिटेल लायसन्सचं असेल तर ते नव्या बोर्डवर नेता येतं, मशीनसोबत आलेलं ओईएम नेता येत नाही.

जुना १०६० विकायची घाई मात्र करू नका, निदान नव्या कार्डाचा पहिला महिना सुरळीत जाईपर्यंत. ७६०० मध्ये कामापुरतं अंगभूत ग्राफिक असतं, ५६०० मध्ये ते नाहीच. नवं कार्ड सर्व्हिस सेंटरला तीन आठवडे जाऊन बसलं तर पडद्यावर काही दिसायला तेच कपाटातलं कार्ड लागेल.